पानावर नाव कुठलं घालायचं

पिंपळगाव, मळ्यातून
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

रवीभाऊ,

रात्रभर झोप नाय लागली. सासूबाईंना सांगितलं की पोरगी रडत होती, पण सायली तर हातपाय पसरून गाढ झोपली होती. जागी मीच. तू डब्यात घालून पाठवलेल्या त्या कागदानं माझी झोप घालवली. चिवड्याच्या पुडीखाली घडी करून ठेवला होता, थोडं तेल लागलंय, पण अक्षरं दिसतात. आठवीपर्यंतचं इंग्रजी मला अजून जुळवता येतं. खाली एका रेघेत माझं नाव हाय. चैताली जयराम गांगुर्डे. आन् त्याच्या आधी लिहिलंय रिपोर्टेड बाय.

भाऊ, मी कोणाचा रिपोर्ट केला? आन् तू चिठ्ठीत आनंदानं लिहितो की हे नाव आता जगात कुठूनही दिसंल, अमेरिकेतून, जपानमधून. मला घामच फुटला. मला हे बी समजत नाय की एवढ्या मोठ्या लोकांच्या कामात तू मला का ओढलं.

मी काय केलं तेवढंच ना? बाळंतपणाला आईकडं होते. तू बी घरून काम करत होता. सायली मांडीवर, आन् तू माझ्या हातात छापलेली पानं दिली. म्हणला, मी कॉम्प्युटरमधली नावं वाचतो, तू पानावर बोट ठेवत चल. तुला तपासायला माणूस पाहिजे होतं आन् आई चष्मा सापडत नाय म्हणून पळून गेली होती. ती नावं तरी कसली, दोन शब्द आन् मधे खाली आडवी रेघ. तू वाचत गेला, मी बोट सरकवत गेले. एका नावावर बोट आलं आन् तू ते बोललाच नाय, पुढं गेला. मी म्हणले, थांब, हे राहिलं. तू शोधलं, सापडंना. मंग मी गमतीत म्हणले, ह्याचं लग्न लागलं असंल, दुसऱ्या नावानं नांदत असंल कुठंतरी. तू हसला. मंग परत शोधायला लागला आन् ते खरंच दुसऱ्या नावानं सापडलं. बस, एवढंच. त्याला काय रिपोर्ट म्हणत्यात का?

माझी खरी भीती तिकडच्या लोकांची नाय, ती इथली हाय. इथं मी उज्वला. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं उज्वला लिहिलं, तवापासून ह्या घरात मला कोणी चैताली म्हणलं नाय. संक्रांतीच्या आधी एक फोन आला, सासूबाईंनी उचलला. समोरचा विचारत होता, चैताली गांगुर्डे का? सासूबाई म्हणल्या, "ह्या नावाचं इथं कोणी नाय." आन् फोन असा ठेवला की मी चुलीपुढं होते तिथंच थिजले. त्या दिवसापासून मी आईला बी सांगितलंय, फोनवर उज्वलाच म्हण.

आता सगळ्या जगात चैताली. लग्नाला दोन वर्षं झाली, पोरगी झाली, तरी ही माहेरचंच नाव मिरवते, असं म्हणतील. कागद मी तांदळाच्या डब्यात घातलाय. आमच्याकडं भात सणावारी, तिथं कोणाचा हात जात नाय.

फोन करून सांगितलं असतं, पण तुला माहीत हाय, सासूबाईंचा आन् माझा मिळून एकच फोन, त्याचा कानातला आवाज गेलेला. स्पीकरवर बोलावं लागतं, गोठ्यातल्या म्हशीला बी कळतं. म्हणून ही चिठ्ठी. निवृत्तीनानाच्या पिकअपमधून डबा येतो तसा येईल. ते नाव काढून टाक. लगेच.

डब्यात बाजरीची भाकरी, मेथी आन् शेंगदाण्याची चटणी हाय. चटणी सगळी तुझ्या रूमवरच्या दीपकला देऊ नको.

तुझी बहीण
(नाव लिहीत नाय)

---

पंचवटी, नाशिक
मंगळवार, १० फेब्रुवारी

प्रिय चैते,

पत्र मार्केटमध्येच उभ्याने वाचलं, निवृत्तीनानांच्या पिकअपला टेकून. नाना कोबीचे कट्टे उतरवत होते. मी हसतोय म्हणून विचारलं, काय रे पाव्हण्या, लग्न ठरलं काय? म्हटलं, नाही, बहिणीला घाबरवलंय.

आधी घाबरणं थांबव. रिपोर्टेड बाय म्हणजे पोलिसातली तक्रार नाही. आमच्याकडे रीत आहे, चूक ज्याच्या लक्षात आली त्याचं नाव त्या दुरुस्तीच्या खाली कायमचं लिहायचं. दुरुस्ती मी केली म्हणून वर माझं नाव, चूक तुला दिसली म्हणून खाली तुझं. तुझं नाव न लिहिता मी पुढे पाठवली असती तर ती चोरी झाली असती.

आता काम काय, ते नीट सांगतो. आईला सांगितलं होतं तर तिने सगळ्या भावकीला सांगितलं की रवी कॉम्प्युटरचा वायरमन आहे. कॉम्प्युटरच्या पोटात एक मुख्य प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. तो स्वतः दिसत नाही, पण बाकी सगळे त्याच्या जिवावर चालतात. त्यातला एक भाग फाईली सांभाळतो, कुठे ठेवल्या, कशा काढायच्या. सायलीचे फोटो तू फोनमध्ये ठेवतेस ना, ते जागेवर ठेवणारा तोच. हा प्रोग्राम जगभरची माणसं मिळून लिहितात, रोज काही ना काही बदलतात. आणि हा भाग कसा चालतो हे सांगणारी पानं असतात. बदल करणारा बदल करतो, तुला सापडलं तसं एखादं नावही बदलतो, पण पान बदलायचं विसरतो. मग नवा माणूस पान वाचून काम करायला जातो आणि तोंडावर आपटतो.

तू पॅकहाऊसला द्राक्षांच्या पेट्या भरायला जायचीस तेव्हा सांगायचीस, कोल्ड स्टोरेजच्या दारावर जुना फळा होता, तीन नंबरच्या खोलीत द्राक्षं असा, आणि तीन नंबर तर केव्हाच बंद करून टाकलेला. नवा हमाल आला की पेट्या घेऊन बंद दारासमोर उभा. मी तो फळा पुसून नवा लिहिणारा माणूस. एवढंच माझं काम.

आणि ऐक. ही दुरुस्ती मी तिकडे पाठवली, सगळ्यांना दिसेल अशी. आमच्याकडे सगळं उघड्यावर, पत्रातून चालतं, तुझ्या-माझ्यासारखं. तिथे हा भाग बघणारा जो मुख्य माणूस आहे, फार तुसडा म्हणून प्रसिद्ध, त्याने उत्तरात मला दोन चुका दाखवल्या. आणि शेवटी एक ओळ लिहिली. थँक्स चैताली. मला तो आजवर थँक्स म्हणालेला नाही.

नाव अजून काढता येईल, त्याने दुरुस्ती अजून मुख्य प्रोग्रामच्या आत घेतलेली नाही. पण का काढायचं? नीट विचार कर.

डबा रिकामा पाठवायचा नाही म्हणून बोरं घातलीत. सायलीला देऊ नको, बी अडकेल.

रवी

---

मळा
बुधवार, ११ फेब्रुवारी

रवीभाऊ,

तुझं पत्र गोठ्यात बसून वाचलं. बोरं सासूबाईंनी खाल्ली, म्हणल्या तुझा भाऊ आंबट का गोड बघून घेत नाय, नुसता पिशवी भरतो.

त्या तुसड्या माणसानं मला थँक्स म्हणलं ते वाचलं. खरं सांगू, दोनदा वाचलं. कोण कुठला माणूस, आन् मला चैताली म्हणला. ह्या घरात आल्यापासून नवीन माणसानं मला त्या नावानं हाक मारली असं हे पहिल्यांदाच झालं.

पण भाऊ, माझं म्हणणं ऐक. आता मी तुझ्याच शब्दात सांगते. तू म्हणतो, पान आजच्यासारखं पाहिजे. फळ्यावर जुना नंबर ठेवला की हमाल बंद दारासमोर उभा राहतो. मंग मला सांग, मी आज कोण? आधार कार्डावर उज्वला अमोल कुशारे. सायलीच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव उज्वला. दवाखान्यात लशीला नाव पुकारतात ते उज्वला. चैताली म्हणून कोणी हाक मारत आलं तर दारात उभं राहून सासूबाई सांगतील, ह्या नावाचं कोणी नाय. तू दुसऱ्याच्या पानावरची जुनी नावं पुसतो आन् सख्ख्या बहिणीचं जुनं नाव नव्या पानावर लिहितो. हे कसं?

तू म्हणतो चोरी होईल, तर नाव काढू नको. उज्वला कर. म्हणजे कोणी बघितलं तरी सुनेचं नाव हाय म्हणून घरचे बी खूष.

आज एक झालं ते सांगते, म्हणजे तुला समजंल मी का घाई करते. सासूबाईंनी विचारलं, डब्यात भाऊ काय कागद पाठवतो सारखा? मी म्हणले, सायलीच्या औषधाचं लिहून पाठवतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणल्या, पोरगी तर ठणठणीत हाय. मंग भाकऱ्या थापत बसल्या. पण थापायचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा होता.

मला खोटं बोलता येत नाय रे. चेहऱ्यावर दिसतं.

ह्यांना अजून काही माहीत नाय. हे द्राक्षाच्या गाड्यांवर, घरी येत्यात तेच जेवायला.

बदल आन् मला कळव.

उज्वला

---

पंचवटी
शुक्रवार, १३ फेब्रुवारी

प्रिय उज्वला,

बघ, लिहिलं.

तुझं पत्र दीपकला वाचून दाखवलं, तो म्हणाला, तुझ्या बहिणीला वकील कर. तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी पानं ताजी करण्याच्या गोष्टी करतो आणि माझ्याच डोक्यात तू अजून फ्रॉकमध्ये आहेस. त्यामुळे बदलतो. उज्वला अमोल कुशारे.

त्या माणसाने दाखवलेल्या दोन चुका दुरुस्त करतोय, त्याच्यासोबत नवं नाव घालून नवी प्रत पाठवीन. शनिवारी संध्याकाळी. शनिवारी मी सटाण्याला असेन, मित्राच्या हळदीला, लॅपटॉप सोबत घेतोय. तो माणूस शनिवारी बसून सगळं आत घेतो. आणि एकदा आत गेलं की गेलं, त्याच्यानंतर कुणालाच त्यातलं अक्षर हलवता येत नाही. मी म्हातारा झालो तरी ते तसंच राहणार. म्हणून परत एकदा विचारतो, नक्की ना? माझ्याकडून काही आलं नाही तर उज्वला गेलं असं समज.

जाता जाता एक सांगतो, वाद घालायचा म्हणून नाही. आमच्या त्या पानांमध्ये एक वेगळं पान आहे. त्यात कशाचं काय झालं ते लिहितात. आधी हे नाव होतं, आता ते झालं, आधी असं करायचो, आता तसं करा. बाकीची पानं मी पुसून नवी करतो, पण त्या पानावरचं जुनं कुणी पुसत नाही. नुसतं खाली वाढत जातं. कारण जुन्या नावाने शोधत येणारं कुणीतरी असतंच. तू त्या दिवशी शोधलंस तसं.

शनिवारचा डबा पाठवलास तर दीपक खाईल. चटणी पाठवू नकोस, तो लायक नाही.

रवी

---

मळा
शनिवार, १४ फेब्रुवारी, दुपार

डबा उघडणाऱ्याला,

भाकरी नंतर खा. आधी हे वाच. दीपकभाऊ असाल तर तुम्ही, नायतर रूमवर जो कोणी असंल तो.

मी रवीची बहीण. मला रवीला फोन लावता येत नाय. सकाळी सायलीनं आमचा फोन पाण्याच्या बादलीत टाकला आन् वरून टाळ्या वाजवल्या. रवीचा नंबर त्याच फोनमध्ये, मला पाठ नाय, आईचा बी नाय. ह्यांच्याकडं दोन्ही हायेत, पण हे गाडी घेऊन लासलगावला गेलेत आन् त्यांचा फोन बंद लागतोय. शेजारच्या चांगुणाकाकूच्या फोनवरून मघापासून लावते. म्हणून निवृत्तीनानाला थांबवलंय. नाना दुपारच्या फेरीला कोथिंबीर घेऊन मार्केटला चाललेत, तुमच्या खोलीवर डबा स्वतः आणून देतो म्हणले. ते गाडीत बसून हॉर्न वाजवतायत, मी भराभर लिहिते.

रवीला सांगायचं ते खाली हाय. पण त्याला पटलं पाहिजे म्हणून काय झालं ते लिहिते, त्याला तसंच वाचून दाखवा.

भाऊ, कालची तुझी चिठ्ठी आली, बदलतो म्हणून. मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाय वाटलं. पण म्हणले जाऊ दे, आता झालं.

सकाळी फोन भिजला. सासूबाई म्हणल्या, तांदळात घाल, तांदूळ पाणी पितो. मी हो म्हणेपर्यंत त्यांनी डबा उघडून आत हात घातला. हात वर आला तो तुझा कागद घेऊन.

मी जागेवरून हलले नाय. त्यांनी कागद झटकला, उलटा सुलटा केला. त्यांना वाचता येत नाय, पण माझं तोंड वाचता येतं. म्हणल्या, औषधाचा का? मंग मी सगळं सांगितलं. पानाचं, बोटाचं, लग्न लागलं असंल म्हणले ते, थँक्स म्हणणारा तो माणूस, सगळं. रडत सांगितलं, सायली माझ्याकडं बघून रडायला लागली, दोघींचा एकच सूर. शेवटी म्हणले, आत्या, काळजी करू नका, भावाला सांगून उज्वला करून घेतलंय.

त्या म्हणल्या, "का बरं?"

मी म्हणले, तुम्हीच फोनवर बोलल्या होत्या ना, ह्या नावाचं इथं कोणी नाय.

त्यांना आधी आठवंना. मंग आठवलं तर अशा हसायला लागल्या की खाली बसल्या. म्हणल्या, "अगं येडे, तो बँकेतून बोलतो म्हणत व्हता. कार्डाचा नंबर मागत व्हता. चोरांना मी घरातल्या पोरीचं नाव सांगू व्हय?"

भाऊ, संक्रांतीच्या आधीपासून मी आईला बी चैताली म्हणू दिलं नाय. आन् सासूबाई मला चोरांपासून वाचवत होत्या.

मंग फोन तांदळात पुरता पुरता त्या थांबल्या. तांदूळ हातानं सारखा करत होत्या, जसं लग्नात ताटात करतात. म्हणल्या, "माझं बी नाव तांदळातच लिवलं व्हतं. चतुरा. दुसऱ्या दिवशी तो तांदूळ शिजवून सगळ्यांनी खाल्ला, आन् मी चतुराबाई राहिले." मी विचारलं, त्याच्या आधी काय होतं? इतके दिवस ह्या घरात राहिले, मी कधी विचारलंच नव्हतं.

ठमा, म्हणल्या. माझी आई मला ठमे म्हणायची.

मी म्हणले, आता कोण म्हणतं? त्या म्हणल्या, "कोणी राहिलं नाय. आन् कुठं लिवलेलं बी नाय. तुझं लिवलंय, तर पुसू नको."

एवढं बोलून त्या उठून म्हशीकडं गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या तर चेहरा एकदम कडक. म्हणल्या, त्या अमेरिकेवाल्याला सांग, आमच्याकडच्या सुना नुसत्या भाकऱ्या नाय थापत. आन् तुझ्या भावाला म्हणावं, बोरं गोड बघून घेत जा.

भाऊ, तुझं बरोबर होतं आन् माझं बी बरोबर होतं. पान आजचं पाहिजे, खरं. पण ज्या दिवशी माझं बोट त्या नावावर थांबलं, त्या दिवशी आईच्या घरी, ओट्यावर, मला सगळे चैतालीच म्हणत होते. चूक चैतालीला दिसली. उज्वला तवा सासरी होती, तिला काय माहीत. आन् तूच लिहिलंय, एक पान असंबी असतं की ज्याच्यावरचं जुनं कोणी पुसत नाय. मला त्या पानावर राहू दे.

कोणी विचारलं तर मी सांगीन, हे माझंच नाव हाय. ह्यांना बी रात्री जेवताना सांगणार हाय, सासूबाई म्हणल्या मी बाजूला बसते.

दीपकभाऊ, आता रवीला सांगायचं ते. एकच वाक्य हाय. चैतालीच राहू दे. उज्वला करू नको. बाकी दोन चुका काय असतील त्या दुरुस्त कर, पण खालच्या रेघेला हात लावू नको. तो संध्याकाळी पाठवणार हाय आन् एकदा गेलं की परत येत नाय. सटाण्याला हळदीत असंल, डीजे लागला असंल, पहिल्यांदा उचलणार नाय. उचलेपर्यंत लावा. त्याच्यासोबतच्या कोणाचा नंबर असंल तर त्याला लावा.

डब्यात आज भरीत हाय, सासूबाईंच्या हातचं, आन् चटणी बी घातलीय, तुम्हाला म्हणून. रवीला सांगू नका.

नाना परत हॉर्न वाजवतायत. हे पत्र तुमच्या हातात पडलं नाय आन् दुसऱ्याच कोणाच्या पडलं, घरमालक असोत, खाली इस्त्रीवाला असो, तरी चालंल, रवी गांगुर्डेचा नंबर त्या घरात कोणाकडं तरी असंलच. भाकरी गार झाली तर होऊ द्या. जो कोणी हे वाचतोय त्यानं आधी माझ्या भावाला फोन लावा.